झाकणाच्या आतली तारीख

१

“शौकी नेमका किती वाजता गेला?”

हा प्रश्न बद्रीनं पहिल्याच दिवशी विचारला आणि मग जो भेटेल त्याला विचारत सुटला. शेजारच्या दुकानात तसबिरींच्या जुन्या चौकटी विकणारा म्हातारा अम्म वहबा, म्हणजे वहबाकाका, म्हणाला, “अरे पोरा, असरच्या, दुपारच्या नमाजाला होता की माझ्याबरोबर. मगरिबची बांग झाली तेव्हा दिवा लाव म्हणून सांगायला गेलो, तर टेबलावर डोकं टेकलेलं. मधे कधीतरी.” डॉक्टरनं कागदावर ‘सायंकाळ’ एवढंच लिहिलं. मयताला आंघोळ घालणाऱ्यानं बद्रीच्या खांद्यावर हात ठेवला, “अल्लाला ठाऊक,” म्हणाला आणि बादली उचलली. वहिनीनं, इन्साफनं, त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मान वळवली.

शौकी घड्याळजी होता. अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन बाजारात बापापासूनचं दुकान. भिंतीवर बारा, काचेच्या कपाटात तीसेक, टेबलावर उघडी पडलेली सात-आठ. एवढी घड्याळं डोळे वटारून बसलेली असताना त्यांच्यातला माणूस गेला आणि वेळ कुणाच्याच लक्षात राहिली नाही. त्याच्या मनगटावरचं तर पुढचा दीड दिवस चालत होतं. चावीचं घड्याळ ते. मनगट गार पडलं हे त्याला कुठून कळणार?

बद्रीला वेळ हवी होती, कारण त्याच्या मोबाइलमध्ये न उचललेले दोन कॉल होते. तीन वाजून चाळीस. तीन वाजून बावन्न. दोन्ही ‘अबेह’ या नावाखाली. थोरल्या भावाला त्यांच्या घरात अबेह म्हणत. दोन्ही वेळा बद्रीनं नाव पाहिलं होतं आणि दात खात मोबाइल पालथा घातला होता. तेव्हा तो मन्शियातल्या टपरीवर कलेजी भरलेला पाव खात उभा होता. तिथून दुकान चालत दहा मिनिटं. मोटारसायकलवर तीन.

बावन्नच्या पुढच्या मिनिटाला सगळं संपलं असेल, तर गोष्ट वेगळी. पण त्यानंतरही शौकी बसून असला तर? दाराकडे बघत? किती वेळ?

२

दोघा भावांत पंधरा वर्षांचं अंतर. बाप गेला तेव्हा बद्री आठ वर्षांचा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. शौकीनं त्याला धंदा शिकवायला घेतलं. बद्रीचे डोळे तीक्ष्ण, बोटं लांब, पण जीव उतावळा. स्क्रू अडला की हा जोर लावणार. शेवटी एका मासळीच्या भटारखान्याचे डबे मोटारसायकलवरून पोचवायला लागला आणि सवड मिळाली की दुकानात येऊन भावाची बोलणी खायला लागला.

घड्याळ दुरुस्त झालं की घड्याळजी मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं एक खूण कोरतो. केसाएवढी. गिऱ्हाइकाला ती जन्मात दिसत नाही. पुढे कधी ते घड्याळ उघडणाऱ्यालाच दिसते, तीही भिंगातून. शौकी जुनी मनगटी घड्याळं गोळा करायचा ती या खुणांपायीच. “हे बघ, हा एक्कावन्न सालचा कुणी ग्रीक. हा त्याच्यानंतरचा, हात थरथरायचा बिचाऱ्याचा. आणि हे आपले अब्बा.” शौकीची स्वतःची खूण म्हणजे नावाचं पहिलं अरबी अक्षर शीन, तीन दात आणि एक शेपटी, पुढे तारीख, आणि बापाच्या शिरस्त्याप्रमाणे वेळही, मिनिटासकट. घड्याळ एक अख्खा दिवस आणि रात्र बिनचूक चाललं, की मगच पुन्हा उघडून लिहायचं. बाप म्हणायचा, “झाकणात लिहिलं की घड्याळ आपल्या हातून सुटलं. तोवर ते आपल्याला धरून असतं.”

आणखी एक शिरस्ता होता. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात स्वतः लिहायचं नाही. ते दुसऱ्यानं लिहायचं. शौकीच्या घड्याळात बापाची खूण होती, पंधरा वर्षांपूर्वीची. त्यानंतर ते कुणाच्याच हाती दिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका दुपारी शौकीनं ते मनगटावरून काढलं आणि बद्रीपुढे ठेवलं.

“साफ कर. आणि चाललं नीट, तर लिही आत. पहिली खूण माझ्याच घड्याळात लिही.”

“मी?”

“नाही, तो बोका बसलाय ना दारात, तो.”

बद्रीचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून आला की त्याच्या हाताला घाई सुटायची. झाकणाच्या खाचेत पाती घातली, अलगद पिळायची ती ढकलली. पाती सटकली आणि पोलादी पाठीवर लांब चरा उमटला. कडेपासून मधोमध, शेवटी झटका बसून वर वळलेला.

शौकीनं चऱ्यावरून अंगठा फिरवला. मग भिंग कपाळावर सरकवून म्हणाला, “जा बाबा. मासे पोचव. मासे मेलेलेच असतात, तुझ्या घाईनं त्यांचं काही बिघडत नाही.”

अम्म वहबा दारात उभा होता, तो हसला. ते हसणं बद्रीला झोंबलं.

“मर तू इथंच,” तो ओरडला, “तुझ्या घड्याळांत डोकं खुपसून!”

त्यानंतर सोळा दिवसांनी, दोन डिसेंबरला, तसंच झालं.

३

दफन कासिमच्या वादळात झालं. डिसेंबरच्या सुरुवातीच्या वादळाला अलेक्झांड्रियात तेच नाव आहे. कबरीवरची ओली माती वाऱ्यानं तोंडावर उडत होती. तीन दिवस बिनसाखरेची कॉफी पाजून झाली, माणसं पांगली, आणि इन्साफनं दुकानाची किल्ली बद्रीपुढे टाकली.

“खणात एकोणीस घड्याळं आहेत लोकांची. अमानत आहे. चाळिसाव्या दिवसाच्या आत ज्याची त्याला पोचव. कागदाच्या पुड्यांवर नावं आहेत. वाचता येतात ना?”

“येतात.”

“नुसती पोचव. उघडू नकोस. तुझ्या हाताला घाईचा रोग आहे.”

बद्री हो म्हणाला. पण दुकानात शिरल्यावर, टिकटिकीखालची, माणूस नसल्याची शांतता कानाला लागल्यावर, त्याला वाटलं, अर्धवट कामं परत करायची? शौकीच्या हातून अर्धी राहिलेली? लोक काय म्हणतील? आणि दुसरं एक वाटलं, ते त्यानं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. ती कामं पुरी करताना दुकानात बसता येणार होतं.

शौकीच्या खुर्चीवर तो बसला नाही. गिऱ्हाइकाचं स्टूल ओढून टेबलाच्या या बाजूला बसला. खुर्ची समोर रिकामी. उशीवर बसणाऱ्याचा खोलगट खळगा तसाच होता.

४

पहिली पुडी बंदरावरच्या एका कारकुनाची. घड्याळ चालत होतं. काम झालंय की राहिलंय ते कळायला झाकण उघडणं भाग होतं. बद्रीनं श्वास रोखून पाती लावली, झाकण सुटलं. त्यानं कपाळाभोवती तारेनं बसणारं शौकीचं भिंग डोळ्याला लावलं.

तीन दात, एक शेपटी. म्हणजे काम झालेलं. बरं वाटलं. मग त्यानं तारीख वाचली.

तेरा डिसेंबर.

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आज तेरा डिसेंबरच होती. शौकीला जाऊन अकरा दिवस झाले होते.

बद्रीनं स्वतःची समजूत घातली. महिना अकरावा असेल, नोव्हेंबर. अरबी आकड्यांत अकरा आणि बारा, कोरताना फरक तो काय, एका दाताचा. किंवा घड्याळ परत द्यायचा कबूल केलेला दिवस लिहिला असेल. हो, तसंच असेल. पण वेळही होती. दहा वाजून सतरा. त्यानं मान वर केली. भिंतीवरच्या बाराही घड्याळांत दहा अठरा झाले होते. तेवढ्यात वरच्या रांगेतलं एक टण्ण वाजलं, अवेळी, आणि बद्री स्टुलावरून पडता पडता राहिला.

झाकण मिटताना त्याच्या लक्षात आलं, भिंगाची कडा कोमट होती. दुकान तर इतकं गार होतं की तोंडातून वाफ निघत होती.

५

त्या आठवड्यात त्यानं सहा घड्याळं उघडली. मासळीचे डबे पोचवून मिळेल त्या वेळी यायचा, शटर अर्धं वर करायचा, स्टुलावर बसायचा. सहाही घड्याळांत शौकीची खूण. तारीख त्या त्या दिवसाची. आणि मिनिट तेच, ज्या मिनिटाला झाकण सुटलं.

त्यानं मुद्दाम वेळ चुकवून पाहिली. पाती लावायची आणि थांबायचं. चहा मागवायचा. उठून रस्त्यावर एक चक्कर मारायची, परत येऊन अचानक उघडायचं. आत अकरा तेवीस, आणि भिंतीवर अकरा तेवीस.

“बद्री,” अम्म वहबानं चहाचा ग्लास ठेवत विचारलं, “अरे एकदा आत, एकदा बाहेर. मुतखडा झालाय का तुला?”

“अम्म, हे बघा जरा. ह्या झाकणात.”

“माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, राजा. मला तर तूसुद्धा दोन दिसतोस. एक तू बसलायस, आणि एक...” म्हातारा थांबला, डोळे चोळत खुर्चीकडे बघत राहिला. “चहा पी. गार होतोय,” एवढंच म्हणून निघून गेला.

सातव्या घड्याळाला बद्रीनं आधी कान लावला. टिकटिक. एका सेकंदाला पाच, शौकीनं शिकवलं होतं, जलद आणि समान. पण तिच्याखाली आणखी काही होतं. खर्र. थांबलं. खर्र, खर्र. सुई पोलादावरून जाते तेव्हा होतो तसा आवाज, झाकणाच्या आतून, कानाच्या पडद्यापासून गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर. बद्रीनं पाती उचलली. पाती खाचेला टेकली आणि आवाज थांबला.

झाकण उघडलं तेव्हा खुणेच्या शेवटच्या आकड्याला कोरताना निघते तशी पोलादाची ताजी, चमकणारी कुरळी चिकटून होती. त्याच्या श्वासानं ती सुटली आणि कागदावर पडली. त्यानं ती बोटाच्या टोकावर घेतली. सुई नुकतीच उचलावी तशी ती ऊन होती.

६

मग तो शुक्रवारच्या बाजारात गेला. दुकानातली घड्याळं शौकीच्या हातची होती. काहीतरी युक्ती असेल, कसलंतरी रसायन असेल, आपल्या अडाण्याला न कळणारं. पण ज्या घड्याळानं ते दुकान पाहिलंच नाही, त्याचं काय?

भंगाराच्या ओळीत एका माणसानं चादरीवर घड्याळांचा ढीग मांडला होता. काचा फुटलेली, काटे गळालेली, पट्टे कुजलेली. बद्रीनं तळात हात घालून एक गंजकं घड्याळ ओढून काढलं.

“हे कुठलं?”

“तांताहून आलंय पोतंभर. आत्ताच ओतलं. माझ्या बायकोनंसुद्धा अजून पाहिलं नाही.” विक्रेता हसला, आणि बद्रीनं खिशातून पाती काढल्यावर त्याचं हसू मावळलं. “ओ भाऊ! घ्यायचं तर घे. पोट काय फाडतोस त्याचं भर बाजारात?”

झाकण गंजानं धरलं होतं. सुटलं तेव्हा तांबूस भुगा बद्रीच्या मांडीवर सांडला. आत मात्र एका जागी, पुसून काढल्यासारखा, नखाएवढा स्वच्छ तुकडा होता. तीन दात. एक शेपटी. आजच्या शुक्रवारची तारीख. नऊ वाजून सहा.

“तुम्ही बघा,” बद्रीनं भिंग विक्रेत्याच्या हातात कोंबलं. “काय दिसतं सांगा.”

त्या माणसानं नाइलाजानं डोळा लावला. “कोरलंय काहीतरी. दात आहेत... आणि तारीख. आजचीच की.” तो भिंग परत देत म्हणाला, “तुमच्यातलाच कुणी उस्ता, कारागीर, सकाळी येऊन उघडून गेला असेल.”

“तुम्ही तर म्हणालात, आत्ताच पोतं ओतलं.”

“हो. ओतलं तर आत्ताच.” त्यानं डोकं खाजवलं. मग एकाएकी ते घड्याळ बद्रीच्या मुठीत दाबून त्याची मूठ बंद केली. “ने हे. असंच ने. जा.”

इतके दिवस बद्रीला भीती होती की आपलं डोकं फिरलं. ती भीती आता आधारासारखी वाटायला लागली, आणि तो आधार गेला होता.

७

रागही येत होता. मेलेल्या माणसाचा राग यावा हे चूक, पण येत होता. दोन शब्द बोलायचे तर बोल ना. आकडे काय लिहितोस? मला हवा असलेला आकडा सोडून जगातले सगळे आकडे!

अठरावं घड्याळ एका बाईंचं, बोटाच्या पेराएवढं. बद्रीनं ते कानाला लावलं. आत खरखर चालू होती, संथ, मन लावून चाललेली. या वेळी त्यानं पाती हळू टेकवलीच नाही. दात-ओठ खाऊन एका झटक्यात झाकण उपसलं.

खूण अर्धी होती. दोन दात, आणि तिसऱ्याच्या मध्यावर सुईला धक्का बसून चरा झाकणभर ओढला गेला होता, शेवटी वर वळलेला. असा चरा त्यानं आधी पाहिला होता. त्याच्याच हातचा.

दुकानात सगळी घड्याळं चालू होती, तरी बद्रीला वाटलं की कुणीतरी एकदम काम थांबवलं आहे. मान खाली घालून काम करणारा माणूस मान वर करतो तसं. तो समोरच्या खुर्चीकडे बघू शकला नाही. टेबलावर हात तसेच ठेवून, खाली बघत, तो हलक्या आवाजात म्हणाला, “चुकलं, अबेह.”

मग उठला. घड्याळ खणात ठेवायला टेबलाला वळसा घातला, तर गुडघा खुर्चीला लागला. खुर्ची टेबलाला पार चिकटून होती. तो आला तेव्हा ती हातभर मागे होती, नक्की. मधल्या जागेत वाकूनच त्यानं खण उघडला होता.

ते घड्याळ त्यानं दुसऱ्या दिवशी डोळे मिटून झाकलं आणि बाईंना नेऊन दिलं. एकोणिसावं न उघडताच पोचवलं. अमानत संपली. आता इथं पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

८

चाळिसावा दहा जानेवारीला आला. आकाश सकाळपासून शिशासारखं. जानेवारीतलं मोठं वादळ दोन दिवस आधीच दाराशी आलं होतं. बैठकीत कुराण चाललं होतं, जिन्यात चपलांचा ढीग. बद्री कॉफीचे कप विसळत होता. इन्साफ स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं.

“एकोणीसच्या एकोणीस दिलीस?”

“दिली.”

“उघडलीस?”

त्यानं विसळलेलाच कप पुन्हा नळाखाली धरला.

“मला वाटलंच.” ती कट्ट्याला टेकली. चाळीस दिवसांत तिचा चेहरा अर्धा झाला होता. “तू सगळ्या गावाला विचारत फिरलास, कितीला गेला, कितीला गेला. मला विचारलंस तेव्हा मी बोलले नाही. का माहीत आहे? त्यांचा मोबाइल माझ्याकडे आहे, बद्री. शेवटचे दोन कॉल कुणाला आहेत ते मी त्याच रात्री पाहिलं. मी तुला विचारलं का, तू का नाही उचललास?”

नळ चालू राहिला होता. तिनंच तो बंद केला.

“नाही विचारलंत, वहिनी.”

“मग तूही विचारू नकोस.” तिनं ओढणीआडून एक पाकीट काढलं. मयताच्या अंगावरचं ठेवतात ते. “हे राहिलं होतं. ते घरी आले होते त्या दिवशी, तुझ्याशी भांडून. घड्याळाच्या पाठीवरचा चरा दाखवला मला. पुसून काढा म्हटलं, तर म्हणे, राहू दे, बद्रीनं उघडायला घेतलंय, बद्रीच मिटवेल. तो चरा कातडीला लावून हिंडत होते.” ती जरा थांबली. “ने ते इथून. कपाटात आवाज करतं. मी त्याला चावी दिलेली नाही.”

दुकानाचं शटर त्यानं कमरेइतकं वर केलं आणि वाकून आत शिरला. राखाडी उजेड होता, पुरेसा. खुर्ची टेबलाला चिकटलेलीच. तो स्टुलावर बसला, पाकिटातून घड्याळ काढलं. अंगठ्याखाली चरा लागला. भिंतीवर तीन अडतीस.

तळहातात घड्याळ चालत होतं. चाळीस दिवस चावी नसलेलं.

तीन चाळीसला आतून खर्र झालं.

बद्रीचा हात आपोआप पातीकडे गेला. पाती खाचेशी आलीही. मग त्याला तो वर वळलेला चरा आठवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. दोन्ही हातांनी घड्याळ धरून कानाशी नेलं.

तीन दात. शेपटी. आकडे. मग शांतता. तीन एकेचाळीसला पुन्हा तीन दात. शेपटी. आकडे. दर मिनिटाला एक खूण. लिहून झालं की सुई उचलायची, थांबायचं, पुन्हा लिहायचं. भिंतीवरच्या बाराही घड्याळांकडे बघत बद्री एकेक मोजत होता. पन्नास. एक्कावन्न. बावन्नला सुई टेकली, नेहमीपेक्षा दाबून, आणि नंतर इतका वेळ काहीच झालं नाही की बद्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं. देवा, इथंच संपलं. माझ्याकडून काही राहिलं नाही.

खर्र.

त्रेपन्न.

मग चौपन्न. मग पंचावन्न. चार. चार एक. म्हणजे त्यानंतरही. म्हणजे बसून होता. दाराकडे बघत, दर मिनिटाला. बद्रीला उठून पळायचं होतं, ते घड्याळ समुद्रात भिरकवायचं होतं. पाय स्टुलाच्या दांड्यांत अडकवून तो बसून राहिला.

“बद्री!” शटरखालून अम्म वहबाचे जोडे दिसले. “घरी शोधताहेत तुला. फातिहाला थांबलेत सगळे.”

“येतो, अम्म.”

“आत कोण आहे रे तुझ्याबरोबर?”

“कुणी नाही.”

“बरं.” जोडे जागचे हलले नाहीत. “मला खुर्ची करकरल्यासारखी वाटली.” मग ते घाईनं निघून गेले.

सुई आता हळू झाली होती. दातांमध्ये अंतर पडत होतं. एकेका खुणेला मिनिट पुरत नव्हतं. समोरून उशी दबल्याचा, कापडाला कापड घासल्याचा बारीक आवाज आला. बद्रीनं डोळे घट्ट मिटले आणि घड्याळाला ओठ टेकवून म्हणाला, “अबेह, मी आलोय. इथंच आहे. सावकाश लिही. मला कुठं जायचं नाही.”

खर्र. एक दात. बऱ्याच वेळानं दुसरा.

तिसऱ्याची वाट बघत तो किती वेळ बसला, त्याला सांगता आलं नसतं. टिकटिक केव्हा थांबली तेही नाही. तळहातातलं पोलाद गार झालं तेव्हा त्याला कळलं. तेव्हा किती वाजले होते, ते त्यानं पाहिलं नाही. भिंतीवर बारा घड्याळं होती, आणि ते त्याला सुचलंच नाही.

त्यानं पाती घेतली. खाचेत टेकवली, अलगद पिळली. झाकण सुटलं.

वर बापाची खूण. तिच्याखालून, कडेकडेनं, तीन दात आणि शेपटी, तीन दात आणि शेपटी, मुंग्यांच्या रांगेसारखी, गोल गोल आत जाणारी, शेवटी शेवटी वाकडी होत गेलेली. मधोमध मसुराएवढी जागा कोरी. सगळ्यात आतल्या रांगेपाशी त्यानं भिंग नेलं नाही. झाकणाच्या चकचकीत कडेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, इवलासा, आणि त्याच्या खांद्यावरून वाकलेलं एक कपाळ. कपाळाभोवती तार.

तो वळला नाही. सुई घेतली. मनगट टेबलाला टेकवलं, शौकीनं शिकवलं होतं तसं, आणि त्या कोऱ्या जागेत आपली खूण कोरली. एक होडी, होडीखाली एक टिंब, बद्रीतला बे. पुढे आजची तारीख. वेळ लिहिली नाही. हात एकदाही सटकला नाही. मग त्यानं कुरळी फुंकून उडवली, झाकण जागेवर ठेवलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश, बसेपर्यंत दाबलं.